तीन घरफोड्या आणि एक बाई

ता. ६ जून

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

अखेर खुर्चीत बसले. सरकारी वकील म्हणून इतकी वर्षं ज्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या नावानं कोर्टात दातओठ खाल्ले, तिचीच मी संचालक! अहवाल लांबले म्हणून मी धाडलेली खरमरीत पत्रं इथं अजून पडून आहेत. काल त्यातल्या एकाला उत्तर द्यायची पाळी माझ्यावरच आली.

इथले शास्त्रज्ञ मला पाण्यात पाहतात. वकिलाला रक्तातलं आणि राखेतलं काय कळतंय, असा त्यांचा चेहरा. सगळ्यांत ज्येष्ठ बाई (मनातल्या मनात मी तिला भिंगबाई म्हणते) चष्म्यावरून अशी बघते, जणू मीच मुद्देमाल. पण मी हटते होय? रोज सकाळी टेबलाशी जाऊन पुरावा उचलते आणि उलटतपासणीत त्याच्या चिंध्या कशा होतील यावर भाषण ठोकते. हातमोजे घालते हो! तोंडावरच्या पट्टीनं मात्र आवाज दबतो, म्हणून ती गळ्यात.

आणि यश बघ. तीन घरफोड्या; पहार, करवत, तुटकं कुलूप; आणि तिन्हींवर एकाच अनोळखी बाईचा डीएनए! तिन्ही घरांची कुलपं बसवणारा कारागीर पोलिसांनी आत टाकलाय. त्या बाईचं नाव सांग आणि घरी जा, म्हणतात. तो म्हणतो, मी अशा कुणा बाईला ओळखत नाही. पुढच्या आठवड्यात अहवाल मीच कोर्टात मांडणार. हे जमलं तर भिंगबाईसुद्धा मला मानेल.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
बडबडी


ता. ११ जून

चि. बडबडी हिस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी वहिनी म्हणते, वन्संचा आवाज कागदातूनही ऐकू येतो.

त्या शास्त्रज्ञांची मला मनापासून दया येते. जेवताना तुझ्यासमोर बसायची पाळी आली की मी ताट हातानं झाकून घ्यायचो, आठवतं? तू रंगात आलीस की समोरच्यानं छत्रीच उघडावी. जॅमची बरणी रिकामी झाली तेव्हा तू स्टुलावर उभी राहून माझ्यावर खटला चालवलास, मी रडकुंडीला आलो, आणि जॅम निघाला तुझ्याच फ्रॉकच्या बाहीला.

असो. ती चोरटी तुझ्यासारखी तोंडाळ असती तर एव्हाना सापडली असती. त्या कुलूपवाल्याला मात्र उगीच पिळू देऊ नकोस. घरी त्याचीही कुणीतरी वाट बघत असेल.

तब्येतीला जप. आम्हां दोघांचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.

तुझा,
दादा


ता. १९ जून

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून खो खो हसले आणि छत्रीपाशी येऊन गार पडले.

इथं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या लाळेचा नमुना घेऊन ठेवतात, म्हणजे चुकून त्याचाच डीएनए पुराव्यावर पडला तर लगेच कळतं. संचालकांचा मागायची कुणाची छाती झाली नव्हती. मी भिंगबाईसमोर जाऊन आ वासला. तिनं कापसाची काडी गालात फिरवली, आणि त्या खोलीत मी पहिल्यांदाच गप्प बसले.

दादा, ती चोरटी मीच!

एकानं सुचवलं, गुपचूप नवा अहवाल करू. मी त्याला झापलं आणि राजीनामा पर्समध्ये घालून कोर्टात गेले. समोर नेमका तोच बचावाचा वकील, ज्याला मी वर्षानुवर्षं छळलं. त्यानं गोड आवाजात विचारलं, की या बाईला आपण ओळखता का. मी म्हटलं, लहानपणापासून. न्यायाधीशसुद्धा हसले. मला मात्र कानकोंडं झालं होतं.

कुलूपवाल्याविरुद्ध दुसरं काहीच नव्हतं, त्याला तिथंच सोडलं. राजीनामा भिंगबाईनं वाचलाच नाही. त्याच्यावर तिनं तोंडाची पट्टी ठेवली आणि म्हणाली, उद्यापासून ही लावून या, भाषण ऐकायला सगळे येतील. मला रडूच फुटलं.

कोर्टाच्या दारात कुलूपवाला त्याच्या बायकोबरोबर उभा होता. मला पाहून तो रागावला नाही. बायकोकडे वळून एवढंच म्हणाला, की सापडली एकदाची ती बाई.

माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सापडलेली