निळ्या दोऱ्याची कोंबडी

कोचाबांबा, ९ जानेवारी

ती. ब्रिहिदामावशीस, दल्मिराचा शि. सा. न. वि. वि.

मावशी, प्रबंध एकदाचा लिहून झाला! दृश्यकला आणि संस्कृतीच्या एम.ए.साठी तुझ्या भाचीने दोनशे दहा पानं लिहिली, आणि तीही कशावर? तू अलासितांच्या जत्रेत विकतेस त्या बोटभर घरांवर, बोटभर बॅगांवर आणि नखाएवढ्या पदव्यांवर. तू म्हणशील, मी दुपारभरात करते ते समजून घ्यायला हिला तीन वर्षं लागली. म्हण बापडी.

परीक्षक तिघे. दोघे खूश आहेत, तिसरे उर्किदीसर मात्र अडून बसलेत. ही बाजारातली खेळणी आहेत, यात अभ्यास कसला, असं म्हणतात. ज्याचा विश्वास नाही तोसुद्धा ही वस्तू जपून का ठेवतो, एवढं सिद्ध कर, मगच सही करीन, म्हणाले. मार्चअखेर परीक्षा झाली नाही तर माझं नाव कटतं, आणि तीन वर्षं पाण्यात. मावशी, मला खरंच भीती वाटते.

तेव्हा चोवीस तारखेला, बाराच्या ठोक्याला, माझ्यासाठी एक पदवी धूप दाखवून पाठव, म्हणजे वर्षाच्या आत खरी मिळेल. आपली आपण घेतलेली चालत नाही, म्हणून तुला साकडं. सरांसाठीही काहीतरी पाठव, तुझा हात किती बारीक चालतो ते बघू देत त्यांना.

तुझीच लाडावलेली,
दल्मिरा

ला पास, २५ जानेवारी

चि. दल्मिरास मावशीचे अनेक आशीर्वाद.

काल बसने तीन डब्या धाडल्या. नीट वाच. लाल दोऱ्याची तुझी, तीत पदवी आहे. पांढऱ्या दोऱ्याची सरांची, तीत पुस्तकांचं कपाट. नऊ पुस्तकं चिमट्याने चिकटवताना माझे डोळे गेले, हे त्यांना सांग. निळ्या दोऱ्याची माझ्या फिदेलला नेऊन दे, तीत कोंबडी आहे. चाळिशीला टेकला तरी कार्टं बिनलग्नाचं. बाईमाणसाने कोंबडी दिली की वर्षाच्या आत बायको येते, पुरुषाने कोंबडा दिला की नवरा, तेव्हा तुझ्या हातानेच दे. धूपवाल्याकडून तिला दोनदा धूर द्यायला लावलाय.

पोटभर जेवत जा. तुझा पेपर पास होवो, एवढंच जत्रेच्या देवाकडे, एकेकोबाबाकडे मागितलं. माया पातळ होऊ देऊ नकोस.

ब्रिहिदामावशी

कोचाबांबा, ३० जानेवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मावशी, घात झाला! डब्या आल्या मंगळवारी आणि तुझं पत्र आलं आज. मला वाटलं, निळी सरांची आणि पांढरी फिदेलदादाची. अख्ख्या वर्गासमोर, दोन्ही हातांनी, वाकून दिली! सरांनी उघडली तर आत कोंबडी, तीही अंड्यावर बसलेली. सर सत्तावन्न वर्षांचे, अविवाहित. वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातले शिक्षक बघायला आले. सर कानापर्यंत लाल झाले.

मी घाबरून ओरडले की ही माझी नाही, माझ्या मावशीने पाठवलीय. मग कोणीतरी विचारलं, मावशीचे यजमान आहेत का. आणि मावशी, माझ्या तोंडून निघून गेलं की नाही, काका जाऊन अकरा वर्षं झाली. सरांनी तुझं नाव विचारलं, कोंबडी खिशात घातली आणि निघून गेले. पदवी गेलीच म्हणायची. तिकडे फिदेलदादा विचारतोय, आईने मला पुस्तकं का पाठवली, मी काय गुन्हा केला?

रागावली असलीस तरी मला टाकू नकोस.

दल्मिरा

ला पास, १७ फेब्रुवारी

चि. दल्मिरास आशीर्वाद, आणि एक धपाटा.

भर वर्गात मला लग्नाला उभी केलीस, भवाने! आता ऐक. गुरुवारी दुकानासमोर एक उंच गृहस्थ छत्री घेऊन उभे राहिले. कोंबडी मांडली आणि म्हणाले, परत करायला आलोय. मी म्हटलं, धूप दाखवलेली वस्तू परत घेत नाहीत. ते म्हणाले, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी विचारलं, मग आठ तासांच्या प्रवासात कापसात गुंडाळून कशाला आणलीत? त्यांनी वही काढून काहीतरी लिहिलं.

भूक लागलेली दिसली म्हणून मका, बटाटा, चीज वाढलं. शुक्रवारीही आले. एक पुस्तक चिकटवून पाहिलं आणि बोटं एकमेकांना चिकटवून घेतली. फार दिवसांनी इतकी हसले गं. पण माझ्या हसण्यापायी तुझी पदवी तर बुडत नाही ना? कोंबडी घेऊन गेलेत ते, परत.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
मावशी

कोचाबांबा, २९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पास झाले! पास, पास, पास!

पण आधी जीव टांगणीला लागला होता. उर्किदीसरांनी परीक्षक म्हणून माघार घेतली. कारण काय लिहिलं? 'विद्यार्थिनीशी नाते जुळण्याचा संभव.' कार्यालयातल्या बाईंनी मला ते तीनदा वाचून दाखवलं. दोन परीक्षकांवर परीक्षा होत नाही. शेवटी सरच ओरुरो शहरी जाऊन एका परीक्षक बाईंना घेऊन आले, आणि काल स्वतः मागच्या रांगेत बसले.

नव्या बाईंनीही नेमकं तेच विचारलं, विश्वास नसलेला माणूस ही वस्तू का जपतो? दोनशे दहा पानं डोक्यातून उडाली. मी तुझ्या दुकानातली हकीकत सांगितली, नाव न घेता. बाई म्हणाल्या, पुरावा काय? तेव्हा मागे खुर्ची वाजली. सर उभे राहिले आणि त्यांनी खिशातून कापसाची पुरचुंडी काढून वर धरली.

मावशी, आता त्यांना सर म्हणू की काका, तेवढं कळव.

तुझी पदवीधर भाची,
दल्मिरा

ला पास, ३ एप्रिल

चि. दल्मिरास आशीर्वादच आशीर्वाद. शेजारणींना जेवण दिलं.

तुझे सर काल आले होते, हातात स्वतः रंगवलेला बोटभर कोंबडा घेऊन. जत्रा कधीच उठली, बाराचा ठोका नाही, धूप नाही, आणि रंगही ओला. एवढा शिकलेला माणूस, पण साधा नियम ठाऊक नाही, म्हणून मी भरपूर झापलं.

आणि मग ठेवून घेतला. काका म्हण.

मावशी