सासऱ्यांची मोटरसायकल आणि चार पट्टे

२ मार्च, सोमवार
सासरे नव्या घरी राहायला गेले. त्यांची बत्तीस वर्षांची मोटरसायकल जुन्या घरीच राहिली. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालवत नेता येत नाही. फोनवर म्हणाले, मोठ्या जावयांना, म्हणजे माझ्या साडूंना, सांगतो. मी मध्येच म्हटलं, मी आणतो. ट्रेलरवर, एकही ओरखडा न येता. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? भारावले असणार.

बायकोने विचारलं, चालवतच का नेत नाही? प्रश्न गैरलागू आहे. गिअर उजव्या पायाला आहे, माझी सवय डाव्या पायाची.

५ मार्च, गुरुवार
गाडी ट्रेलरवर बांधण्याचा अभ्यास. तीन व्हिडिओ पाहिले. शेवटचा जवळजवळ पूर्ण. बारा वर्षं ऐकतोय, मोठे जावई हाताचे हुशार. रविवारी गाडी पोचवली की ऐकावं लागणार नाही.

७ मार्च, शनिवार, सकाळी
ट्रेलर भाड्याने आणला. ट्रेलरवाला म्हणाला, पुढचे शॉकअप अर्धेच दाबा, फार आवळू नका, आणि पट्टा सोडायचा कसा तेही बघून घ्या. मी म्हटलं, माझा प्रश्न बांधण्याचा आहे. माणूस चांगला, पण व्हिजन नाही.

शनिवार, दुपारी
जुन्या घरी गाडी ट्रेलरवर चढवली. रॅचेटची मूठ मागेपुढे केली की पट्टा आवळत जातो. मजा येते. शॉकअप पूर्ण दाबले, वर आणखी दोन दाते. 'फस्स' असा आवाज आला. गाडीने हार मानली. बायको म्हणाली, पुरे, अति तिथे माती. तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

८ मार्च, रविवार, ११.१०
पेट्रोल पंपावर थांबलो. गाडी तसूभरही हललेली नाही. पुढच्या चाकाखाली तेल. पंपवाले स्वच्छता म्हणून ठेवत नाहीत.

१.४०
नव्या घरी पोचलो. सासरे काठी टेकत फाटकापर्यंत आले. टाकीवरून हात फिरवला. ओरखडा नाही! दोन मिनिटांत उतरवतो म्हटलं.

२.२५
पट्टे सुटत नाहीत. कंपनीचा दोष.

२.५०
चुकून आणखी एक दाता आवळला गेला.

३.०५
सासूबाई विचारतात, कात्री देऊ का. सासरे खुर्ची घेऊन ट्रेलरसमोर बसलेत. हे बाथरूममधून लिहितोय.

रात्री, घरी
साडूही जेवायला आले होते, ते जेवण उरकून हात पुसत बाहेर आले. मुठीतली कळ बोटाने ओढली, मूठ पूर्ण उघडली, पट्टा सैल. चारही पट्टे, एका मिनिटात. शॉकअप वर आले, त्यांच्याबरोबर उरलंसुरलं तेलही. सील फुटलेत म्हणाले साडू, हळू आवाजात.

गुडघा वाकत नाही, म्हणून सासरे उभ्यानेच कमरेत वाकून फडक्याने तेल पुसत राहिले. मला फार वाईट वाटलं.

मी निघताना सासरे म्हणाले, पुढच्या रविवारी जुन्या घरचं कपाट आणायचंय. मी तोंड उघडलं. ते घाईघाईने म्हणाले, तुम्ही नुसते जेवायला या.

मी विचारलं, किती वाजता.