उरलेलं माझ्या नावावर नाही

४ जून, सोमवार
आज आलेले जिन्नस : साबण चार वड्या, चाळीस. बटाटे पाच किलो, दीडशे (एक सडका निघाला, उद्या दुकानदाराच्या हातात ठेवायचा). शिवाय पोस्टाने पार्सल, धाकट्या जावेकडून. आत सात ड्रेस. किंमत शून्य, अपमान वेगळा.
सोबत चिठ्ठी. म्हणे, ताई, मला आता हे गोणपाटासारखे होतात, तुम्हाला होतील.
पोटाचं ऑपरेशन करून घेतल्यापासून बाई जमिनीवर नाही. पूर्वी माझ्या शेजारी कोचावर बसली की कोच संपायचा. आता कडेला टेकते आणि मला म्हणते, बसा ताई ऐसपैस.
ड्रेस घालणार नाही. फडकी करणार. दोन लगेच फाडले. कापड चांगलं आहे, पाणी छान शोषतं. देव तिचं भलं करो, पण सावकाश करो.

५ जून, सकाळी, प्रार्थनेनंतर
ठरलं. मीही ऑपरेशन करणार. यात मत्सराचा भाग नाही.
कारण लेक. ती राहते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जुलैअखेर बाळंत व्हायची आहे. तिला मी शब्द दिलाय की सगळं मी येऊन करीन. आजवर तिच्या घरी मी गेलेली नाही. पहिल्या मजल्यापर्यंत गेले होते. तिथली हवा मला मानवत नाही, हे तिला सांगितलेलं आहे.
जाऊ मात्र गेल्या महिन्यात एका दमात चार मजले चढली आणि वर जाऊन पाणीसुद्धा मागितलं नाही म्हणे. दिखाऊ कुठली. मी नसले की तीच तिथे ठाण मांडणार, आणि माझं नातवंड डोळे उघडून पहिलं तोंड बघणार तर हिचं!
देवाला सांगितलं, दागदागिने मागत नाही, चार मजले मागते.

९ जून
सर्जनकडे गेलो. वेटिंग रूममधल्या खुर्च्या हाताच्या. मुद्दाम अशा घेतल्या असणार, म्हणजे पेशंट घाबरून लवकर हो म्हणतो. मी उभीच राहिले. पाय दुखल्यावर ह्यांना उभं करून त्यांच्या खुर्चीचा हात धरला.
माझं वजन एकशे चार. काट्याखालची फरशी हलते, ते मी दाखवून दिलं. सर्जनने काटा दुसऱ्या फरशीवर नेला. तीही हलते.
मग त्याने चार प्रकार सांगितले. जठरात फुगा, जठराला पट्टा, जठर कापून नळीएवढं करणं आणि बायपास. माहितीपुस्तक दिलं. घरी जाऊन विचार करा म्हणाला. मॅट्रिक झालेय मी, गणितात पहिली होते. विचार मला शिकवू नकोस, असं मनात म्हणाले.

१० जून
कुकर घेताना चार दुकानं हिंडले होते. तो अठरा वर्षं चालला. तसंच इथे करायचं.
फुगा : पोटात फुगा सोडतात, सहा महिन्यांनी काढून घेतात. म्हणजे भाड्याने. भाड्याच्या वस्तूत मी आयुष्यात पैसे घातले नाहीत. बाद.
पट्टा : जठराला वरून आवळायचा, मग वेळोवेळी जाऊन कमीजास्त करून घ्यायचा. वस्तू स्वस्त आणि दुरुस्ती महाग, हा धंदा ओळखते मी. बाद.
नळी : जठराचा पाऊण भाग कापून टाकून देतात. टाकून! देवाने दिलेली, पन्नास वर्षं एक दिवस सुट्टी न घेता चाललेली वस्तू, आणि ती फेकायला पैसे आपणच द्यायचे.
बायपास : जठराचा लहानसा भाग वापरात, बाकीचं आत बंद. खोली बंद करून ठेवावी तसं. पडून राहील, अडीअडचणीला असू दे. हे पटलं. पण पुढे लिहिलंय की खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. मग खायचं कशाला? अन्न विकत घ्यायचं, शिजवायचं आणि शरीराने ते न बघता पुढे सारायचं. असल्या उधळपट्टीला माझ्या घरात जागा नाही.

१३ जून
सर्जनला फोन केला. विचारलं की अर्धं कापून आणि अर्ध्याला पट्टा लावून मधला काही दर बसेल का. तो म्हणाला, बाई, हे भाजी मार्केट नाही. मी म्हणाले, भाजीवाला निदान वस्तू दाखवतो. कापलेला तुकडा घरी देणार का, हेही विचारलं. फोन कट झाला. रेंज नसावी.

१६ जून
जावेचा फोन. कुठून कळलं कोण जाणे. ह्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. म्हणाली, ताई, मी काय केलं ते सांगू का, सोपं जाईल तुम्हाला. मी म्हणाले, मला पुस्तक दिलंय. ती म्हणाली, पुस्तकात भूक कशी जाते ते नाही लिहीत. मी म्हणाले, मला भूक कुठे असते? तिकडून हसण्याचा आवाज आला. खोकला होता, असं नंतर म्हणाली.
तिने कोणतं केलं ते मी मेले तरी विचारणार नाही.
यापुढे तिच्याशी बोलणं पत्राने. फोनवर हसू ऐकू येतं.

१९ जून
बायपास नक्की. उधळपट्टी खरी, पण खोली बंद राहते, टाकून तरी द्यावी लागत नाही. सर्जनच्या मते माझ्या शुगरलाही तेच बरं. त्याचं आणि माझं मत जुळलं याचा त्याला आनंद झालेला दिसला. तारीख ११ जुलै. पण आधी वजन चार किलो उतरवायचं, नाहीतर लिव्हर आडवं येतं म्हणे, हात लावणार नाही. त्यासाठी आहारवालीकडे पाठवलं.
आहारवाली म्हणजे काडी. वाऱ्याने खिडकी वाजली की हिला धरून ठेवावं लागत असेल. तिने विचारलं, दिवसभरात काय खाता? खरं ते सांगितलं. सकाळी चहा. दुपारी वाटीभर भात, भाजी. रात्री तेवढंच. गुरुवारी उपास.
ती म्हणाली, यावर एकशे चार होत नाही. म्हणजे मी खोटं बोलते! देवाला मानणारी बाई मी.
मग विचारते, घरी उरलेल्याचं काय करता? म्हटलं, काय करणार, संपवते. ती म्हणाली, मग ते लिहा की.
तिला हिशोब समजावून सांगितला. ह्यांच्या ताटात वाढलेला भात ह्यांच्या नावावर. त्यांनी अर्धा टाकला तरी खर्च त्यांचाच. पातेल्याच्या बुडाला राहिलं ते कोणाच्याच नावावर नाही, ते घरखर्चात. दुधावरची साय दुधात धरलेली आहे. मी फक्त भांडी रिकामी करते. एकदा लिहिलेला खर्च परत माझ्या नावावर लिहिला तर दोनदा लागला नाही का? साधा जमाखर्च येत नाही आणि म्हणे डाएट.
ती पेन खाली ठेवून ह्यांच्याकडे बघत बसली. हे छताकडे.

२७ जून
ऑपरेशनपूर्वीचं पातळ खाणं सुरू. पावडरची पाकिटं, पाण्यात घालून प्यायची, जेवणाऐवजी. चव भिंतीला लावायच्या चुन्याची.
सकाळी एक घेतलं. मनोबल उत्तम. निग्रह असला की काही अवघड नसतं. जावेला जमलं ते मला का जमू नये?

२७ जून, दुपारी
अडचण. ह्यांच्यासाठी स्वयंपाक करावाच लागतो. एका माणसाचा भात मला मापाने येत नाही, हात दोघांच्या अंदाजाचा आहे. उरला.
पाकिटाचेही पैसे मोजलेत आणि भाताचेही. एक वाया घालवायला सांगा, पण कोणतं? दोन्ही घेतलं.

१ जुलै
ह्यांनी आज ताट चाटूनपुसून साफ केलं. बटाट्याची फोडसुद्धा ठेवली नाही. मग पातेलं स्वतः उठून विसळलं. लग्नाला तीस वर्षं झाली, या माणसाने चमचा विसळला नव्हता. आहारवालीने कान भरलेत, स्वच्छ दिसतंय. विचारलं तर म्हणाले, भूक होती.
माणूस इतका दुष्ट होऊ शकतो? मी उपाशी आणि हे समोर बसून स्वतःचं जेवण स्वतः जेवतात.

२ जुलै
शेजारीण बाहेरगावी चालली होती. फ्रिजमधलं देऊन गेली, खराब होईल म्हणून. केक पाऊण, अंडी, कसलंसं सूप. सूप पातळच आहे, डाएटमध्ये बसतं. बाकीचं शेजारणीच्या नावावर.

५ जुलै
माझे ड्रेस आटलेत. साबण बदलला त्याचा परिणाम. चाळीस रुपयांत चार वड्या मिळतात तेव्हाच समजायला हवं होतं. दुकानदाराला सुनावलं. तो म्हणाला, बाई, साबणाने कपडे आटत नाहीत. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बटाट्याच्या वेळीही असाच बोलला होता.
नाइलाजाने जावेच्या पार्सलमधला एक काढला. घरात घालायला काय हरकत आहे, कोण बघतंय. बरा बसला. बसून बघितलं नाही.

१० जुलै
ऑपरेशनआधीचं वजन. एकशे सहा.
पावडर पाण्यात घालून प्यायली तर पाण्याचं वजन भरणारच, हे मी सांगितलं. निग्रहाचंही काही वजन असेल. सर्जन आज भाजी मार्केट वगैरे बोलला नाही, ते जास्त लागलं. हळू आवाजात म्हणाला, तुम्हाला या अवस्थेत टेबलावर घेतलं आणि काही झालं तर तुमच्या लेकीला मी काय सांगू? तीन महिने खरं खरं लिहून आणा, मग बघू. कोणतं ऑपरेशन हा प्रश्न नंतरचा, म्हणाला. चारांपैकी एकही, तुम्ही बुडाचं खाता ते कापत नाही.
नाचता येईना अंगण वाकडं. ह्याच्याच हाताला यश नसेल.
ह्यांनी परत येताना रिक्षात माझा हात धरला. तापलेला होता, ह्यांचा. त्यांना बरं वाटत नसावं.

२५ जुलै
लेक परवा बाळंत झाली. मुलगी. काल हॉस्पिटलातून परस्पर घरी गेली. वजन तीन किलो दोनशे. सगळे म्हणाले, वा, वजन छान आहे! जगात येताना काय ते वजनाचं कौतुक, पुढे कोणी नाव काढत नाही.
जाऊ आलीच. दिवसातून दोनदा खालीवर करते. बाळाला आंघोळ तीच घालते.

२६ जुलै
गेले. जावेचा निळा ड्रेस घातला, त्यातल्या त्यात सैल तोच. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या वळणावर शिवण बगलेपासून कमरेपर्यंत गेली. लोकांनी जिन्यांना कठडे नीट बसवावेत, कशाला तरी अडकलं असणार. शिवाय छाती धडधडत होती. मी पायरीवर बसले. वरून तीनदा बोलावणं आलं. मी सांगून पाठवलं की हवा मानवत नाही.
मग कोणी उतरताना ऐकू आलं. जाऊ असेल म्हणून तोंड फिरवलं. तर लेक. तीन दिवसांची बाळंतीण, एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हातात बाळ. मागे जाऊ, हात पुढे करून, पडली तर धरायला. तिला ओरडले मी, अक्कल नाही का, टाके आहेत ना! ती म्हणाली, आई, तू वर येत नाहीस, मग मी काय करू?
बाळ मांडीवर घेतलं. पायरीवर बसूनच. जावेने स्वतःची शाल माझ्या फाटक्या बाजूवर टाकली आणि बाळाचं टोपडं नीट केलं. हिला बोलायला काय झालं? इतर वेळी तोंड बंद नसतं.
बाळाने डोळे उघडले. पहिलं तोंड माझं नव्हतं, पण माझ्याकडे जास्त वेळ बघितलं.

२ ऑगस्ट
जाऊ काल तिच्या घरी परत गेली. शाल धुऊन ठेवली आहे, जुन्या साबणाने.
आज जेवताना ह्यांचं उरलं. मी ते माझ्या नावावर लिहिलं. एकदाच, हिशोब कसा दिसतो ते बघायला. वाईट दिसतो.
जावेला पाठवायच्या कार्डाचा कच्चा मजकूर :
चि. सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद. शाल पाठवत आहे. तू दिलेले ड्रेस चांगले निघाले, दोन विशेष उपयोगी पडले. ऑपरेशनच्या आधी तू सर्वांत जाड होतीस तेव्हाचा एखादा ड्रेस, त्या सातांहून मोठा, अजून टाकला नसशील तर हवा आहे. मला नको. माझ्या ओळखीच्या एका बाईला हवा, ती साधारण माझ्याच अंगाची आहे. सैल असावा, कारण तिला रोज थोडे थोडे करून चार मजले चढायचे आहेत. आणि तुझी भूक कशी गेली तेही लिही, बाई विचारत होती. हसू नये. उलट टपाली कळवावे.