भुशाचं नरसाळं आणि धाब्यावरचे बिबडे

नंदुरबार, वैशाख शुद्ध द्वादशी

चिरंजीव रायसिंग यास नवलसिंगचे अनेक आशीर्वाद.

तू, मुलंबाळं, बैलजोडी आणि विहिरीचं पाणी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण काही बिघडलं असतं तर तू एव्हाना पैसे मागायला येऊन गेला असतास. तुझ्या ताईची प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? कोरीटची हवा नंदुरबारपेक्षा बरी, असं ती लग्न झाल्यापासून ऐकवते आहे, तेव्हा आता पोटभर खाऊन घेत असेल. माझी प्रकृती उत्तम. जेवण वेळेवर होतं. (खिचडी. पंचवीस दिवस खिचडी. काल तीही करपली आणि मांजराने माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेचे इन्स्पेक्टर आठवले.) घरात भुशाचा कणही नाही. (का नाही, ते पुढे येईल.)

आखाजीच्या सणाला माहेरी गेलेल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया परत आल्या. आखाजी होऊन नऊ दिवस झाले. शेजारच्या रेवाबाई रोज ओट्यावरून विचारतात, "मास्तर, तापीबाई कव्हय येतीन?" मी सांगतो की भावाने फार आग्रह करून ठेवून घेतलं आहे. तेव्हा कोणी विचारलंच तर तू फार आग्रह केला आहेस, हे ध्यानात असू दे.

खरी हकीकत तुला तुझ्या ताईने तिच्या बाजूने सांगितलीच असेल, आता माझी ऐक. तीस वर्षं पोरांना घासून गुळगुळीत करण्याचा प्रयत्न केला, ती काही झाली नाहीत. म्हणून पेन्शनीत निघाल्यावर पडवीत कातारकामाचा, पायाने चालवायचा खराद मांडला. लाकूड निदान गुळगुळीत होतं. लाटणी झाली, पाळण्याचे खुंट झाले, देव्हाऱ्याचे खांब झाले. पण सागाचा भुसा फार बारीक, तो पडवीत थांबत नाही. तो दिव्यात गेला, लोणच्यात गेला, आणि एके सकाळी तुझी ताई परात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मन्हा पीठमा तुमना भुसा शे, का तुमना भुसामा मन्हं पीठ शे, हाई आते माले समजत नही," असं म्हणून तिने निकाल दिला, "एक तर घरमा भुसा ऱ्हाई, नहीतर मी ऱ्हासू." यावर मी अगदी शांतपणे उत्तर दिलं. (मी म्हणालो, भुसा निदान बोलत नाही. रायसिंग, तोंडातून शब्द बाहेर पडला तेव्हाच कळलं की चूक झाली. पण तो शब्द परत घ्यायला मी त्या वेळी मास्तर पडलो.) दुपारी ती आखाजीसाठी म्हणून गाडीत बसली. आखाजीला अजून सोळा दिवस होते.

तेव्हा मी ठरवलं की भुशाचा कायमचा बंदोबस्त करायचा. इथल्या कापसाच्या जिनाच्या छपरावर पत्र्याचं मोठं नरसाळं बसवलेलं आहे, ते मी वीस वर्षं शाळेत जाता-येता पाहत आलो आणि कधी विचारलं नाही की हे कशाला. यंदा विचारलं. युक्ती साधी आहे. पंख्याने धुळीची हवा ओढायची आणि ती नरसाळ्यात आडवी, कडेने आत घ्यायची. हवा गरगर फिरते, जड भुसा भिंतीला घासत खाली पेटीत पडतो, आणि मोकळी हवा मधल्या नळीने वर निघून जाते. मी आकृती काढली, तिला अ, ब, क अशी अक्षरं दिली, आणि पत्र्याचं काम करणाऱ्या गफूरभाईंकडे नेली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, आणि म्हणाले, "मास्तर, हवा काय तुमना शाळामधला पोऱ्या शे का, तुमनं ऐकाले?" तरी त्यांनी नरसाळं सुरेख वळवून दिलं. भट्टीचा हाताने फिरवायचा पंखा लोहाराकडून आणला. मधली नळी घरावरच्या मातीच्या धाब्यातल्या धुराड्यातून वर काढली. राहिला होता तो फक्त पेटीचा सांधा. तिथे हवा शिरता कामा नये, नाहीतर सगळं मुसळ केरात. गफूरभाई म्हणाले, मोलगीच्या बाजाराला जाऊन येतो आणि कथलाचा डाख लावून देतो, तोवर हात लावू नका.

मी हात लावला. आखाजी होऊन गेली होती, गल्लीतल्या बाया परतत होत्या, आणि मला धीर नव्हता. त्याच दिवशी रेवाबाईंनी वाटीत तेल घालून उडदाच्या पापडाच्या पाच लाट्या पाठवल्या. घरात बाई नाही, मास्तरांना चव तरी मिळू दे, एवढाच त्यांचा हेतू. मी एक खाल्ली. उरलेल्या चार हातात चिकटल्या तेव्हा लक्षात आलं की जगात याहून चिवट वस्तू नाही. त्या चारही सांध्याला लिंपल्या. (खिचडीवर जगणाऱ्या माणसाने लाट्या लिंपायला वापरल्या, यावरून माझ्या मनाची काय अवस्था असेल ते समज.)

दुसऱ्या दिवशी वैशाखातलं ऊन. लाट्या वाळल्या, आकसल्या, आणि त्यांना तडे गेले. ते मी पाहिलं नाही. दोन वर्षांचा भुसा पडवीत ढीग करून ठेवला, त्यात नळी सोडली आणि पंख्याचा हँडल फिरवू लागलो. रायसिंग, काय सांगू, ढीग डोळ्यांदेखत नाहीसा झाला! पडवी स्वच्छ, हवा स्वच्छ. मी खरंच एकटा उभा राहून टाळी वाजवली. पेटी उघडली तर रिकामी. भुसा पेटीतही नाही आणि पडवीतही नाही, याचा अर्थ लावत असताना दारात रेवाबाई. "मास्तर, बिबडासवर हाई काय टाकं?"

तड्यांतून हवा शिरली होती, आणि तिने पेटीत पडू पाहणारा सगळा भुसा उचलून मधल्या नळीने थेट धाब्यावर नेला होता. आमचं धाबं गल्लीत सगळ्यांत मोठं, म्हणून ज्वारीचे बिबडे पापडांसारखे तिथेच वाळत घालतात. पहाटे घातलेले ओले बिबडे, त्यावर बारीक सागाचा भुसा. मी हात जोडले. म्हटलं, ज्यांचे असतील त्यांना ज्वारी भरून देतो. रेवाबाई म्हणाल्या, "तुमनाच शेतस." बाया पाळीपाळीने एकेका घरचे बिबडे करतात हे तुला माहीत आहे. त्या दिवशी आमची पाळी होती. घरधनीण नाही म्हणून त्यांनी पाळी चुकवली नव्हती, आमच्याच कोठीतली ज्वारी नेऊन, भिजवून, दळून, शिजवून तिच्या वाटचं सगळं केलं होतं. मला विचारूनच. मी आकृती काढत होतो, त्यामुळे हो म्हणालो असेन. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या हसत बसल्या, आणि मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी एक बिबडा तळून त्यांच्यासमोर खाल्ला. (देव्हारा चावल्यासारखा लागतो.)

गफूरभाई आले, त्यांनी डाख लावला, आणि यंत्र आता अप्रतिम चालतं. ढीगभर भुसा धाब्यावरून झाडून आणून पुन्हा ओढून पाहिला, सगळा पेटीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना गोड पापे.

तुझा मेहुणा,
नवलसिंग

ता. क. हे पत्र ताईला वाचून दाखव. कंसातलं गाळ. बिबड्यांचं गाळ. लाट्यांचंही गाळ. मग फारसं काही उरत नाही, तर माझी प्रकृती बरी नाही एवढंच वाच.

ता. क. दुसरा. ती आपणहून येणार नाही, आणि माझ्याने "ये" असं लिहवत नाही, म्हणून हा सगळा पसारा. शनिवारी तुझी गाडी बाजाराला येते, तीत तिला घेऊन ये. बोललो ते चुकलो, हे मी समोर सांगीन. घर फार मोठं झालं आहे रे.

ता. क. तिसरा. यंत्रात एक उणीव निघाली. एकाने खराद चालवायचा तर दुसरा हँडल फिरवायला लागतो, दोन माणसांशिवाय काम होत नाही, म्हणून खराद बंद आहे आणि घरात भुसा नाही. गफूरभाई म्हणाले, खरादावरून पंख्याला पट्टा घालून देतो, अर्ध्या दिवसाचं काम, मग एकट्याने चालेल. मी त्यांना नको म्हटलं.