फ्रीझरमधला ग्रंथ

४ फेब्रुवारी
नशीब उघडलं. रद्दीवाल्याकडे शंभरी ओलांडलेला ग्रंथ मिळाला. आयांसाठी लिहिलेलं बालसंगोपनाचं पुस्तक, मुखपृष्ठ गायब. रद्दीवाला म्हणाला, फुकट घेऊन जा साहेब, कोण वाचतंय. अडाणी! काय ती भाषा! 'स्तन्य', 'तान्हुल्याचे आर्जव', 'पान्हा दाटणे'. दोन पानांतच डोळे भरून आले. बायको म्हणाली, धुळीनं आले असतील.
आजपासून रोज एक तास फक्त ग्रंथासाठी. ऑफिस गेलं खड्ड्यात.
परवा मुलगी येतेय बाळाला घेऊन. तिची रजा संपत आलीय, नोकरी इथून जवळ, जावई लांबच्या शहरात. दिवसभर बाळ बायकोकडे राहणार. माझी वाचनाची खोली त्यांना द्यायचीय. माझी तयारी आहे. तत्त्वतः.

६ फेब्रुवारी
आल्या. नात चार महिन्यांची. गोड आहे, आवाज मोठा. बाळ कसं धरावं यावरचा उतारा मी वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, बाबा, नुसतं धरा ना तिला जरा. धरलं. एका हातात ग्रंथ होता, त्यामुळे जमलं नाही. लगेच काढून घेतलं.
खोलीतली पुस्तकं हलवायची राहिली. मुलगी हॉलमध्येच झोपली. उद्या नक्की.

९ फेब्रुवारी
लेखाचा विषय पक्का: 'जुन्या ग्रंथांतील माता'. मासिकाच्या संपादकांना फोन केला. म्हणाले, पाठवा, बघू. म्हणजे हो.
दुधावरचं प्रकरण म्हणजे शिखर! हिला वाचून दाखवत होतो, तर म्हणते, बाळ रडतंय, ऐकू येत नाही का? येतं की. म्हणून तर मोठ्यानं वाचत होतो.
खोली: रविवारी.

१२ फेब्रुवारी
मुलगी सोमवारपासून कामावर जाणार. यंत्रानं दूध काढते, पिशव्यांत भरते, तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवते. आधीच कमी येतं म्हणाली, थेंब थेंब करून आठवड्यापुरतं जमवलंय. मी सांगितलं, यावर ग्रंथात सुंदर परिच्छेद आहे. ती पुढच्या पिशवीवर तारीख घालायला लागली. या पिढीला कशाचं कौतुकच नाही.

१४ फेब्रुवारी
घात झाला! ग्रंथाला कीड. पानापानांतून बारीक भोकं. ग्रंथपालांना फोन लावला. म्हणाले, हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, पंधरा दिवसांत कीड मरते. पुढेही काहीतरी सांगत होते, पण वेळ कुणाला होता? फोन ठेवला.
फ्रीझर एवढासा, आणि दुधानं भरलेला. दोघी बाळाला घेऊन मुलीच्या मावशीकडे मुक्कामाला गेलेल्या, विचारणार कुणाला? शांतपणे विचार केला. दूध पुन्हा येतं, ग्रंथ पुन्हा येत नाही. पिशव्या ओट्यावर काढल्या. शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवून येतो, पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात लेखाची पहिली ओळ सुचली: 'आईच्या दुधाचे मोल आपल्या पूर्वजांनी जाणले होते.' बसलोच लिहायला.

१५ फेब्रुवारी
पिशव्या ओट्यावरच राहिल्या. अहो, माणूस आहे, राहतं एखाद्या वेळेस!
मुलगी एकेक पिशवी फोडून सिंकमध्ये ओतत होती. मी समजावलं, शेवटी ग्रंथही त्याच विषयावरचा आहे, म्हणजे एका अर्थी दूध कारणी लागलं. ही म्हणाली, तुम्ही गप्प बसा. सगळ्यांदेखत! सगळे म्हणजे आम्हीच, तरी पण.
मुलीनं एवढंच विचारलं, आल्यापासून एकदा तरी तिला आपणहून घेतलंत का? मी म्हटलं, लेख एकदा हातावेगळा होऊ दे.

१८ फेब्रुवारी
मुलीनं ऑफिसजवळ खोली बघितली. सामान बांधलं. हीसुद्धा निघाली. बाळाला कोण बघणार, म्हणाली. मी विचारलं, आणि मला? तर म्हणाली, तुम्हाला ग्रंथ आहे.
आलं अंगावर, घेतलं शिंगावर! जा म्हटलं. आता कामाला खरा जोर येईल.

२० फेब्रुवारी
खोली माझी. हॉलही माझा. कसली शांतता! इतकी की लिहायला सुचत नाही. चहा केला, उतू गेला. पाळण्याची दोरी खुंटीवरच राहिलीय. ती काढायला हवी. उद्या.

१ मार्च
ग्रंथ बाहेर काढला आणि न राहवून लगेच पिशवी उघडली. पानांना पाणी सुटलं, लगदा झाला. ग्रंथपाल म्हणाले, बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नसते, हेच तर सांगत होतो. वर म्हणाले, आमच्याकडे याच्या दोन प्रती पडून आहेत, कुणी नेत नाही, हवी तर एक घेऊन जा.
संपादकांचं उत्तर आलं. अंक भरला म्हणे. मत्सर, दुसरं काय!

६ मार्च
आज माफी मागायची, असं ठरवूनच फोन केला. मुलीनं उचलला. विचारलं, बाळ कसं आहे? म्हणाली, बरी आहे. माझं दूध आटलं बाबा, आता वरच्या दुधावर आहे. आणि थांबली. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबली असावी.
मी म्हटलं, वरच्या दुधावर ग्रंथात फार सुरेख विवेचन होतं. जेवढं पाठ होतं तेवढं सगळं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. मग विचारलं, कसं वाटलं?
फोन तिनं केव्हाच ठेवला होता.