गाडीचं पोट

बाबा, तुमची गाडी यंदा पासिंगमध्ये नापास झाली. वरून पाहाल तर रंग अजून तुळतुळीत आहे, पण गॅरेजवाल्याने ती वर उचलली, चासीला स्क्रूड्रायव्हर लावला, आणि तो पापडात शिरावा तसा आत गेला. "भाई, ऊपर फर्स्ट क्लास, नीचे मफी," तो म्हणाला; मफी, म्हणजे काहीच नाही. वेल्डिंग करायलासुद्धा धड लोखंड उरलेलं नाही. उद्या ती भंगारात जाईल.

तिथे उभा असताना मला इथल्याच, आखातातल्या या शहराच्या गुदैबिया भागातल्या आपल्या बिल्डिंगमागची मोकळी जागा आठवत होती. जानेवारीत एखादी जोराची सर आली की रस्ते तुंबतात, अजूनही तुंबतात, आणि समुद्र बुजवून केलेल्या जमिनीतलं मीठ त्या पाण्यात उतरतं. मग शुक्रवारी सकाळी, गार वारा सुटलेला असताना, तुम्ही पुठ्ठ्यावर उताणे पडून गाडीचं पोट धुताय, आणि नुकताच नोकरीला लागलेला मी, सुट्टीची झोप मोडली म्हणून कुरकुरत बादल्या आणून देतोय. तुमचे फक्त पाय दिसतात. एकदा मी म्हटलं, खालून कोण बघतंय? तुम्ही आतूनच म्हणालात, "मीठ बघतं. वरून पुसणं लोकांसाठी असतं." बँकेत दिवसभर इस्त्रीच्या शर्टात बसणारा माणूस, पण गाडीखाली कोपरापर्यंत चिखल. ज्याची निगा राखली ते दगा देत नाही, हे तुमचं ठरलेलं वाक्य. मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता आणि पटलंही होतं.

पण बाबा, पाणी नळाचं होतं. त्या जुन्या बिल्डिंगच्या नळाला तेव्हा मचूळ पाणी यायचं. प्यायला आपण गोडं पाणी विकत आणायचो, आंघोळीने केस राठ व्हायचे, वाळलेल्या बादलीच्या काठावर पांढरा थर धरायचा आणि आई तो लिंबाच्या सालीने घासत बसायची. हे तिघांनाही माहीत होतं, तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही की मीठ धुवायला आपण मीठच मारतोय. गॅरेजमध्ये हे लक्षात आलं तेव्हा मला तुमचा राग आला नाही, दया आली. बापाची दया येणं फार वाईट. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण पोरकं वाटलं ते आज.

आई आता पुण्यात असते. तुमचे कपडे, घड्याळ, सगळं तिने देऊन टाकलं; फक्त गाडी विकू नको म्हणाली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितोय. संध्याकाळी तिचा फोन आला.

"पासिंग झालं का रे?"

"झालं."

"होणारच. तुझ्या बाबांनी जपलीय ती. तुला जन्मभर पुरेल."

तिला खरं सांगायला तुम्ही हवे होतात. मला जमलं नाही.