अस्सल बादल हजर करण्याबाबत

मी, उत्तमसिंग भावसिंग आडे, वय अडुसष्ट, धंदा अत्तरविक्री, राहणार दिग्रस, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि नाक तर त्याहून ठिकाणावर आहे. कोणी पाजून किंवा दम देऊन हे लिहवून घेतलेले नाही. पत्नी हंसाबाई शेजारी बसून टोकते आहे, त्याला दबाव समजू नये.

राहते घर हंसाबाईचे. ती आहे तोवर वाटणीचा शब्द कोणी काढू नये.

बसस्टँडसमोरचे दुकान, बाटल्या व गिऱ्हाईक मुलगी उज्ज्वला हिला. महागड्या परदेशी सेंटांची नावे आपल्या जिभेवर बसत नाहीत. म्हणून ज्याच्या अंगावर वास पकडला, त्याचेच नाव आपल्या स्वस्त बाटलीला, ही माझी पद्धत तिने मोडू नये. 'तहसीलदार' लग्नसराईत खपतो. 'डॉक्टरीणबाई' उन्हात टिकत नाही, हे आधीच सांगावे.

साडू बळीराम याला काही नाही. "जरासा तहसीलदार लाव ना बे," म्हणत त्याने आपला हिस्सा जिवंतपणीच अंगाला चोळून नेला आहे.

आता मुलगा बादल. तीन दिवाळ्यांमागे तो पुण्याहून ओरिजिनल सेंट फासून आला. मी कौतुकाने म्हटले, "लय झकास वास हाय, बनवून पाह्यतो." तर भर दुकानात म्हणतो, "बा, तुम्ही जिंदगीभर डुप्लिकेटच विकलं!" मीही तापलो. "मंग डुप्लिकेट बापाच्या घरी कायले येतं?" तो गेला तो आलाच नाही. आम्ही आडे, दोघेही आडवेच.

वास मात्र मी पकडला होता. बाटलीवर 'बादल' लिहिले. आज दिग्रसची निम्मी पोरं बादल लावून हिंडतात. हंसाबाई रोज संध्याकाळी बूच उघडून हुंगते आणि मग माझ्यावर डाफरते. मलाही करमत नाही, हे येथे स्पष्ट नमूद करतो.

अडचण अशी की ती हुंगते ती पहिली बाटली तळाला गेली आहे. नवा बनवला तर हंसाबाई म्हणते, "हा माहा बादल नोहे." अस्सल समोर असल्याशिवाय नक्कल जमत नाही, हा आमच्या धंद्याचा कायदा आहे.

मृत्युपत्र मेल्यावर उघडतात हे मला माहीत आहे, पण तोवर माझा दम निघत नाही. सबब याची डुप्लिकेट प्रत आजच बादलला स्पीड पोस्टाने पाठवत आहे. अस्सल इथे दुकानात बसले आहे. दिवाळीला येऊन खात्री करावी.

सही: उत्तमसिंग भावसिंग आडे

साक्षीदार:
१. राजकुमार पवार, चपलांचे दुकान (आज बादल लावून आले आहेत)
२. इंदूबाई कांबळे, चहाची टपरी

दिग्रस, जि. यवतमाळ
३ ऑक्टोबर २०२५